दिवाणखान्यातल्या व्हीनस आणि मेंढपाळणी : अठराव्या शतकातील युरोपीय मुद्राचित्रे

तांबटआळी (धागाकर्ता)

युरोपातील जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि लिलावांच्या याद्यांत एका ठरावीक प्रकारची चित्रे पुन्हा पुन्हा दिसतात. लंबगोल चौकट, तपकिरी किंवा विटकरी शाई, मधोमध व्हीनससारखी (प्रेमाची रोमन देवी) एखादी सैलसर वस्त्रातली देवता, तिच्या पायाशी पंखवाली गुबगुबीत बाळे. किंवा झाडाखाली बसलेली मेंढपाळण आणि तिला बासरी शिकवण्याच्या निमित्ताने जवळ सरकलेला तरुण. ही मुद्राचित्रे, म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर शाई भरून कागदावर छापलेली चित्रे. कलेचे अभ्यासक त्यांच्याकडे बराच काळ नाक मुरडून पाहत आले, कारण त्यांच्या लेखी ती तैलचित्रांची स्वस्त नक्कल होती. मला ही समजूत अपुरी वाटते. यांतली कितीतरी चित्रे छापण्यासाठी आणि भिंतीवर लावण्यासाठीच कल्पिलेली होती, आणि त्यांच्या कर्तृत्वात चित्रकाराइतकाच तांब्याच्या पत्र्यावर काम करणाऱ्या कारागिराचा आणि पैसे गुंतवणाऱ्या प्रकाशकाचा वाटा होता.

फ्रांस्वा बूशे (१७०३–१७७०) याचेच उदाहरण घ्या. पुढे फ्रान्सच्या राजाचा प्रथम चित्रकार झालेल्या या माणसाची सुरुवात तांब्याच्या पत्र्यावरच झाली होती. फ्रेंच चित्रकार वातो १७२१ मध्ये वारल्यावर त्याचा मित्र आणि संग्राहक जाँ द ज्युलिएन याने वातोची रेखाटने व चित्रे छापून प्रसिद्ध करण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला, आणि त्यासाठी तरुण बूशेने शंभराहून अधिक पत्रे तयार केले. छापील प्रतीने चित्रकाराचे नाव किती दूर जाते हे त्याने उमेदवारीतच पाहिले होते. पुढे राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिच्या आश्रयाने दरबारात त्याचा जम बसला, तरी त्याची रेखाटने मुद्राचित्रकारांकडे अखंड जात राहिली. त्याच प्रतींवरून मग चिनी मातीच्या बाहुल्या, पंखे, पडदे आणि तपकिरीच्या डब्या सजू लागल्या.

बूशेच्या खडूच्या रेखाटनांना छापील जन्म देणारा मुख्य कारागीर म्हणजे लिएजहून पॅरिसला आलेला जिल दमार्तो (१७२२–१७७६). लाल खडूची रेघ कागदाच्या खरखरीत पृष्ठभागावर तुटक, दाणेदार उमटते. तोच परिणाम पत्र्यावर साधण्यासाठी दातेरी चाके आणि काटेरी डोक्याची हत्यारे वापरण्याची पद्धत १७५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये रूढ झाली. तिच्या शोधाचे श्रेय जाँ-शार्ल फ्रांस्वा स्वतःकडे घेत असे. हातखंडा मात्र दमार्तोचाच. त्याने आपल्या पत्र्यांना क्रमांक दिले, त्यामुळे संग्राहकांची आज मोठी सोय झाली आहे. या प्रती चित्रकला शिकणारे विद्यार्थी कित्ता म्हणून घेत आणि मध्यमवर्गीय घरे भिंतीसाठी. लुई-मारें बोने याने १७६९ मध्ये बूशेने काढलेल्या फ्लोराच्या (फुलांच्या रोमन देवीच्या) चेहऱ्यासाठी आठ वेगवेगळे पत्रे एकावर एक छापून पेस्टल रंगांचा भास निर्माण केला. हे पत्रे एकमेकांवर बिनचूक बसवण्याची त्याची करामत पाहिल्यावर ‘नक्कल’ हा शब्द वापरायला माझी जीभ तरी वळत नाही.

लंडनमधली गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्याकडे प्रतिसादांच्या ओघात येऊच.

---

निरगुडी

लेख आवडला. मी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहते. आमच्याकडे घरमालकिणीने जाताना दिलेले असेच एक लंबगोल चित्र आहे. शाई विटकरी आहे. एक स्त्री झोपलेल्या क्यूपिडचे (बाळरूपातल्या प्रेमदेवाचे) धनुष्य हळूच काढून घेत आहे. खाली डाव्या कोपऱ्यात काउफमान आणि उजव्या कोपऱ्यात बार्तोलोत्सी अशी नावे असून त्यांच्यापुढे काही लॅटिन संक्षेप आहेत. मधे एक बारीक ओळ आहे, पण ती चौकटीच्या पुठ्ठ्याखाली अर्धी झाकली गेली आहे. हे चित्र खरोखर अठराव्या शतकातले आहे की नंतर छापलेले, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

---

तांबटआळी

निरगुडी, तुमच्या प्रश्नामुळे लंडनच्या गोष्टीला आपोआप वाट मिळाली.

अँजेलिका काउफमान (१७४१–१८०७) ही स्वित्झर्लंडमधील कूर येथे जन्मलेली चित्रकर्ती १७६६ ते १७८१ या काळात लंडनमध्ये होती. फ्रान्चेस्को बार्तोलोत्सी (१७२७–१८१५) फ्लॉरेन्सचा. तो १७६४ मध्ये लंडनला आला, १८०२ मध्ये लिस्बनला गेला आणि तिथेच वारला. १७६८ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अकादमी या लंडनच्या कलासंस्थेच्या संस्थापक सदस्यांत ही दोन्ही नावे आहेत, आणि बार्तोलोत्सीच्या नावावर तेव्हा बराच वादही झाला, कारण अकादमीने खोदकाम करणाऱ्यांना पूर्ण सदस्यत्वापासून दूर ठेवले होते आणि याला मात्र चित्रकार म्हणून आत घेतले. रॉबर्ट स्ट्रेंज या नामवंत मुद्राचित्रकाराने त्याविरुद्ध १७७५ मध्ये जाहीर तक्रार छापली. तक्रारीत आकस होता, पण मुद्दा रास्त होता असे मला वाटते.

डावीकडच्या नावापुढचा संक्षेप मूळ चित्र कोणाचे ते सांगतो आणि उजवीकडचा पत्रा कोणी कोरला ते. बार्तोलोत्सीची कार्यशाळा मोठी होती आणि हाताखाली शिष्यही पुष्कळ होते. त्यामुळे पत्र्यावर त्याचे नाव आहे म्हणजे प्रत्येक ठिपका त्याच्याच हातचा, असे समजू नये.

पुठ्ठ्याखाली गेलेली ती बारीक ओळच तुमच्या कामाची आहे. चित्रकार विल्यम होगार्थच्या खटपटीने १७३५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुद्राचित्रांना चौदा वर्षांचे स्वामित्वसंरक्षण देणारा कायदा केला आणि १७६७ मध्ये ती मुदत अठ्ठावीस वर्षे झाली. संरक्षण मिळण्यासाठी प्रत्येक प्रतीवर मालकाचे नाव आणि प्रकाशनाची तारीख छापणे आवश्यक होते. म्हणून त्या काळातल्या इंग्लिश चित्रांखाली ‘कायद्याप्रमाणे प्रसिद्ध’ अशा अर्थाची ओळ, दिवस, महिना, साल आणि बहुधा दुकानाचा पत्ता सापडतो. फ्रेंच चित्रांच्या बाबतीत एवढी सोय नाही.

मात्र ती तारीख पत्र्याची असते, कागदाची नव्हे. पत्रा टिकेल तोवर, मालक बदलले तरी, त्यावरून छपाई चालूच राही. त्यामुळे चित्र चौकटीतून सुटे केल्यावर (हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे) कागद उजेडासमोर धरून पाहावा. उभ्या-आडव्या बारीक रेघांची जाळी दिसली तर तो जुन्या पद्धतीचा कागद आहे. जाळी नसलेला गुळगुळीत कागद जेम्स व्हॉटमन याच्या गिरणीत १७५० च्या दशकात बनू लागला आणि शतकाच्या अखेरीस सर्वत्र पसरला. १७९४ पासून करसवलतीच्या नियमामुळे इंग्लिश कागदाच्या जलचिन्हात साल घालण्याची पद्धत रूढ झाली. चित्राखाली १७८४ आणि कागदात १८१० असे आढळले, तर ती जुन्या पत्र्यावरून काढलेली उशिराची प्रत आहे.

---

शाईबोळा

मी मुंबईत मुद्राचित्रण शिकलो आहे, म्हणून हत्याराच्या बाजूने थोडी भर घालतो.

निरगुडी यांनी वर्णन केलेल्या चित्राची पद्धत स्टिपल म्हणून ओळखली जाते. आधी पत्र्यावर मेणाचा थर देतात, त्यातून सुईने आणि दातेरी चाकाने हजारो बारीक छिद्रे पाडतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. थर काढल्यानंतर वाकड्या पात्याच्या हत्याराने आणखी ठिपके टोचून छटा पक्क्या करतात. चेहरा, गळा, खांदा यांच्या उताराला ही पद्धत फार मानवते. आकाश, खडक आणि झाडोरा मात्र तिच्यात गुळमुळीत होतो. बार्तोलोत्सीच्या चित्रांत निसर्ग अगदी जेमतेम का असतो याचे एक कारण मला हत्यारातच दिसते. भिंग लावून पाहिले तर खऱ्या स्टिपलमधले ठिपके लहान-मोठे, कुठे गोल तर कुठे किंचित लांबट दिसतात आणि ते चेहऱ्याच्या वळणानुसार धावतात. ठिपके एकाच जाळीत, समान अंतरावर रांगेने उभे असतील, तर ते यंत्रावरचे हाफटोन (छायाचित्र ठिपक्यांच्या जाळीत फोडून छापण्याची पद्धत) आहे आणि अठराव्या शतकाशी त्याचा संबंध नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या चित्रांची फॅशन पुन्हा आली तेव्हा फोटोग्राव्ह्युअर पद्धतीने (छायाचित्राच्या आधारे पत्रा तयार करून) काढलेल्या प्रतीही पुष्कळ खपल्या. त्यांत पत्र्याच्या कडेची दाबखूण असते, त्यामुळे केवळ त्या खुणेवर विसंबून निर्णय देऊ नये.

रंगीत प्रतींबद्दलही एक सांगण्यासारखे आहे. पुष्कळ इंग्लिश स्टिपल चित्रांत सगळे रंग एकाच पत्र्यावरून, एकाच दाबात छापलेले असतात. कापडाच्या लहान लहान बोळ्यांनी गालाला गुलाबी, वस्त्राला निळी, केसांना तपकिरी शाई भरायची, जादा शाई रंग एकमेकांत न मिसळता पुसून काढायची आणि मगच पत्रा दाबयंत्राखाली घालायचा. पुढच्या प्रतीसाठी पुन्हा पहिल्यापासून सगळे भरायचे. त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. तांबे मऊ असते आणि ठिपके उथळ. काही शे प्रतींनंतर गालावरचे बारीक ठिपके झिजून चेहरा सपाट होऊ लागतो. अशा दमलेल्या पत्र्याच्या प्रतींवर वरून जलरंग फासून त्या खपवल्या जात. म्हणूनच भडक रंगवलेली प्रत दिसली की मी पहिल्यांदा तिच्या गालाकडे पाहतो.

---

माणगंगा

तंत्राची माहिती उत्तम आहे, पण विषयाबद्दल कोणीच बोलत नाही. आमच्या भागात मेंढरे घेऊन आठ-आठ महिने घराबाहेर असणारे धनगर मी लहानपणापासून पाहिले आहेत. बूशेची मेंढपाळण रेशमी झग्यात, अनवाणी पण स्वच्छ पावलांनी बसलेली, आणि तिच्या मेंढीच्या गळ्यात निळी फीत. ज्या फ्रान्समध्ये शेतकरी करांखाली पिचला होता, त्याच फ्रान्समधल्या सरदारांच्या भिंतींवर ही चित्रे होती. या मालाला सजावट म्हणा, कलेचा दर्जा कशाला देता?

---

तांबटआळी

माणगंगा, तुमचा आक्षेप नवा नाही आणि हलकाही नाही. बूशेच्या हयातीतच फ्रेंच विचारवंत आणि कलासमीक्षक दिदरो याने तो घेतला होता. १७६१ च्या प्रदर्शनावर लिहिताना या चित्रकाराजवळ सर्व काही आहे, फक्त सत्य नाही, असा शेरा त्याने मारला आणि पुढच्या प्रदर्शनांच्या वेळी तो आणखी कठोर झाला.

तरीही या मेंढपाळांना खेड्यातल्या मेंढपाळाचे चित्रण समजून तपासणे मला पटत नाही, कारण ते मुळात रंगभूमीवरचे आहेत. बूशेचा मित्र, नाटककार शार्ल-सिमों फाव्हार याने १७४५ मध्ये पॅरिसच्या जत्रेतील रंगमंचावर द्राक्षांच्या हंगामावर एक मूकनाट्य सादर केले. त्यातले प्रेमिक एकमेकांना द्राक्षे भरवतात. तो प्रसंग बूशेने रंगवला, मुद्राचित्रकारांनी छापला आणि चिनी मातीच्या कारखान्यांनी त्याच्या मूर्ती केल्या. त्याच्याही मागे फार जुनी परंपरा आहे. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात सिसिलीच्या थिओक्रिटसने मेंढपाळांची गाणी लिहिली ती शहरी आणि दरबारी वाचकांसाठी, आणि रोमन कवी व्हर्जिलने ती परंपरा रोमला आणली. व्हर्जिलच्या गोपगीतांची सुरुवातच जमीन हिसकावली गेलेल्या मेंढपाळाच्या विलापाने होते, ही गोष्ट मात्र बूशेच्या गिऱ्हाइकांना सोयीस्करपणे विसरता आली. तिथे तुमचे म्हणणे मला मान्य आहे.

ज्यांना बूशेचा गोडवा अति होतो त्यांनी क्लोद लॉरेंकडे वळावे. सतराव्या शतकात रोममध्ये राहून काम करणाऱ्या या चित्रकाराने आपल्या चित्रांची नोंद म्हणून रेखाटनांची एक वही ठेवली होती. ती पुढे डेव्हनशरच्या ड्यूकांकडे होती आणि १९५७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मुद्राचित्रकार रिचर्ड अर्लम याने तिच्यावरून दोनशे पत्रे तयार केले आणि लंडनचा प्रकाशक जॉन बॉयडेल याने ते १७७७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. तिसरा खंड १८१९ मध्ये निघाला. कोरलेली रेघ लेखणीसाठी आणि मेझोटिंटची (आधी खरबरीत केलेला पत्रा घासून उजेड काढण्याच्या पद्धतीची) मऊ छटा कुंचल्यासाठी अशी जोडी जमवून, ती तपकिरी शाईत छापून अर्लमने पातळ शाई कुंचल्याने पसरल्याचा परिणाम साधला आहे. या चित्रांत मेंढपाळ कोपऱ्यात अंगठ्याएवढे असतात आणि झाडांमागून येणारा संध्याकाळचा उजेडच मुख्य पात्र असतो. इंग्लिश चित्रकार टर्नर याने १८०७ पासून स्वतःची अशी मालिका काढली ती क्लोदशी स्पर्धा म्हणूनच. तिच्यात त्याने निसर्गचित्रांचे वर्ग पाडले आणि साध्या गोपचित्रांपासून पौराणिक थाटाची ‘उन्नत’ गोपचित्रे वेगळी ठेवली. माझ्या संग्रहात एकच चित्र ठेवायची मुभा असती तर मी दहा बूशे देऊन एक अर्लम घेतला असता.

---

अळूवडी

बॉयडेलचे नाव आले म्हणून त्या व्यापाराचा आणखी तपशील वाचायला आवडेल. हा पैसा कोणाकडे जात होता?

---

तांबटआळी

मुख्यतः प्रकाशकाकडे. बॉयडेलने रिचर्ड विल्सनच्या नायोबीच्या चित्रावरून विल्यम वुलेटकडून पत्रा करून घेतला आणि १७६१ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रीक पुराणकथेतील गर्विष्ठ राणी नायोबीची मुले अपोलो आणि त्याची बहीण डायना (शिकारीची देवी) बाणांनी मारत आहेत, असा तो प्रसंग आहे. या चित्राला युरोपभर मागणी आली. त्याआधी फ्रान्सची मुद्राचित्रे इंग्लंडमध्ये येत असत. तो ओघ उलटवण्यात या पत्र्याचा मोठा हात होता. बॉयडेल १७९० मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला. पण फ्रान्सशी युद्ध पेटले आणि निर्यातीच्या बळावर उभा असलेला हा धंदा कोसळला.

दुसऱ्या टोकाला विल्यम विन रायलंड आहे. त्याने पॅरिसमध्ये बूशेजवळ शिक्षण घेतले, फ्रेंच खडूपद्धत इंग्लंडात आणली आणि तिच्यातून स्टिपलचे चलन पडले. काउफमानच्या चित्रांची लंडनमधली लोकप्रियता घडवण्यात बार्तोलोत्सीच्या आधी त्याचे नाव घ्यावे लागते. तो राजाचा मुद्राचित्रकार होता, तरी कर्जात बुडाला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नावे बनावट हुंडी केल्याच्या आरोपावरून ऑगस्ट १७८३ मध्ये लंडनच्या टायबर्न या वधस्थळी फासावर गेला. खटल्यात कागद बनवणाऱ्याची साक्ष निर्णायक ठरली, कारण हुंडीवरच्या तारखेला तो कागद तयारच झालेला नव्हता. कागदावरून तारीख काढण्याची जी युक्ती मी वर निरगुडी यांना सांगितली, ती अशी जुनी आहे.

---

गिरगावकर

हे सगळे वाचताना राजा रविवर्म्याची शकुंतला आणि मेनका डोळ्यांसमोर आल्या. आपल्याकडच्या ओलिओग्राफचे (तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांचे) मूळ या युरोपीय चित्रांत आहे असे म्हणता येईल का?

---

शाईबोळा

तंत्राच्या दृष्टीने तसे म्हणता येणार नाही. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, तो जर्मन तंत्रज्ञांच्या बळावर. पुढे तो फ्रित्झ श्लायशर यांनी विकतही घेतला. तिथली छपाई दगडावरची होती. आलॉइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत शोधलेल्या या पद्धतीत काहीच कोरावे लागत नाही. तेलकट खडूने काढलेले चित्र आणि पाणी यांच्या परस्परविरोधावर ती चालते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. त्यामुळे बार्तोलोत्सीच्या पत्र्यापेक्षा तिचे नाते एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन रंगीत लिथोग्राफशी (दगडावरून छापलेल्या चित्रांशी) आहे. शिवाय पुण्यात चित्रशाळा १८७८ पासून देवादिकांची चित्रे छापतच होती.

---

तांबटआळी

शाईबोळा यांच्याशी मी सहमत आहे. एक फरक मात्र मला तंत्रापेक्षा मोठा वाटतो. काउफमानची व्हीनस छापली जात होती तेव्हा युरोपात व्हीनसची पूजा करणारा कोणी उरला नव्हता. ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये आणि पाँपेईचे १७४८ मध्ये सुरू झाल्यावर हे देव सुशिक्षितपणाचे आणि अभिरुचीचे चिन्ह म्हणून भिंतीवर आले. आयर्लंडमधील कॅसलटाउन हाउसमध्ये लेडी लुईसा कॉनली यांनी १७६० च्या दशकात एक अख्खी खोलीच मुद्राचित्रांनी मढवली. चित्रे कापून, छापील चौकटी आणि फितींसह ती थेट भिंतीवर चिकटवली आहेत, आणि ती खोली आजही पाहता येते. रविवर्म्याची लक्ष्मी आणि सरस्वती मात्र देवघरात गेल्या. त्यांना हळदकुंकू लागले, हार चढले. मेनकेचे चित्र दिवाणखान्यात राहिले, त्यामुळे तुलना करायचीच तर तिच्यापुरती करावी.

---

अळूवडी

माझ्याकडे दोन फ्रेंच चित्रे आहेत आणि मी रत्नागिरीत राहते. पावसाळ्यात कागदावर तपकिरी ठिपके येतात. ते घालवण्यासाठी ब्लीच वापरावे असे एकाने सुचवले आहे.

---

शाईबोळा

कृपया वापरू नये. ब्लीचने डाग फिका होतो, पण कागदाचे तंतू दुबळे होतात आणि हाताने भरलेले रंग उडतात. ते ठिपके दमटपणात बुरशी आणि कागदातले लोहकण यांमुळे वाढतात. चित्र बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नये. काच कागदाला टेकू देऊ नये. मागचा जुना लाकडी लगद्याचा पुठ्ठा काढून आम्लरहित पुठ्ठा घालावा आणि चित्र डिंकाने किंवा चिकटपट्टीने कधीच चिकटवू नये. ऊन तर सर्वांत वाईट. डाग जास्त असतील तर कागदसंवर्धनाचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडेच चित्र द्यावे.

---

निरगुडी

सर्वांचे आभार. चौकट उघडायला दिली आहे. तोवर एक शंका विचारते. या चित्रांतल्या स्त्रिया मला सगळ्या सारख्याच दिसतात. कोण व्हीनस आणि कोण डायना हे कसे ठरवायचे?

---

तांबटआळी

चेहऱ्यावरून ठरवायला जाऊ नये, वस्तूंवरून ठरवावे. कपाळावर चंद्रकोर आणि जवळ शिकारी कुत्रे किंवा बाणांचा भाता असेल तर डायना. कबुतरे, गुलाब किंवा शिंपला असेल तर व्हीनस. मोर असेल तर जूनो. शिरस्त्राण आणि घुबड असेल तर मिनर्व्हा. तुमच्या चित्रात धनुष्य क्यूपिडचे आहे, त्यामुळे ते काढून घेणारी स्त्री व्हीनस असू शकते, तिची सखी असू शकते किंवा एखादी वनदेवताही. चित्राखाली छापील शीर्षक किंवा चार ओळींचे काव्य असेल तर त्यावरून उलगडा होईल. मात्र नंतरच्या मालकांनी पत्र्यावरची जुनी अक्षरे घासून नवे, अधिक खपाऊ शीर्षक घातल्याचे प्रकारही घडत असत, तेव्हा अक्षरांच्या आसपास घासल्याची खूण आहे का तेही पाहावे.

आणि कधी कधी चित्रकार मुद्दाम चकवतो. रोमन कवी ऑव्हिडच्या काव्यात देवांचा राजा ज्युपिटर कॅलिस्टो नावाच्या वनकन्येला फसवण्यासाठी डायनाचे रूप घेतो. बूशेने हा प्रसंग एकाहून अधिक वेळा रंगवला. प्रथमदर्शनी दोन मैत्रिणी विसावलेल्या दिसतात, एकीच्या कपाळावर चंद्रकोरही असते. पण मागच्या झाडोऱ्यात, ढगाच्या कडेला नीट पाहिले तर ज्युपिटरचा गरुड बसलेला आढळतो. अशा चित्राच्या झिजलेल्या प्रतीत तो गरुडच आधी पुसट होतो, आणि मग ‘डायना आणि तिची सखी’ म्हणून ते विकायला येते.